थायरॉइडची गोळी, चहा आणि लोह

महोदय,

सकाळी थायरॉइडची गोळी, पाठोपाठ दुधाचा चहा आणि नाश्ता होताच लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी. नाशिकमधल्या अनेक घरांत हाच क्रम असतो. मग टीएसएच (थायरॉइड कमी पडला की रक्तात वाढणारा हार्मोन) खाली येत नाही आणि डोस वाढतो. लोह आणि कॅल्शियम आतड्यातच या औषधाला धरून ठेवतात, त्यामुळे ते रक्तात पुरेसे उतरत नाही. गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी, चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने आणि लोह-कॅल्शियम निदान ४ तासांनी. ही वेळ पाळून ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासावा. त्याआधी खरे चित्र दिसत नाही.

लोहाची गोळी बंद करणे मात्र चूक ठरेल. थायरॉइड ग्रंथीत हार्मोन तयार करणाऱ्या एन्झाइमलाच लोह लागते. थायरॉइड मंदावला की अनेकींना पाळीत जास्त रक्तस्राव होतो, त्यातून लोह घटते आणि ग्रंथीचे काम आणखी अवघड होते. शिवाय थायरॉइड कमी पडला की मेंदूतून त्याला हुकूम सोडणारे टीआरएच हे हार्मोन वाढते. ते प्रोलॅक्टिन (अंगावरचे दूध तयार करवणारे हार्मोन) हेही वाढवते, आणि पाळी पुढे-मागे होऊ लागते. म्हणून पाळीची तक्रार असेल तेव्हा टीएसएचसोबत हिमोग्लोबिन आणि फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) पाहावे. जेवणात बाजरीची भाकरी, पालेभाजी, अळीव असेल तर वर लिंबू पिळावे किंवा आवळा, पेरू खावा, म्हणजे लोह अंगी लागते. जेवणावरचा चहा तेच लोह अडवतो; तो तासभर लांबवावा.

मिठाचेही सांगायला हवे. श्रावणात उपवासापुरते आणलेले सैंधव पुढे वर्षभर स्वयंपाकात राहते. त्यात थायरॉइडच्या हार्मोनसाठी लागणारे आयोडीन मिसळलेले नसेल, तर रोजच्या १५० मायक्रोग्रॅमची भरपाई होणे कठीण. गरोदरपणात गरज २५० पर्यंत जाते. आयोडीनयुक्त मीठ झाकणाच्या बरणीत, गॅसपासून दूर ठेवावे आणि भाजी उतरवताना घालावे. जास्त आयोडीनही अपायकारक असते, त्यामुळे आयोडीनच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत.

महापालिकेच्या दवाखान्यांत आणि औषधांच्या दुकानांत लोहाची पाकिटे देताना ‘थायरॉइडची गोळी चालू आहे का?’ एवढे विचारून पाकिटावर वेळ लिहून द्यावी, ही विनंती.

— एक आहारतज्ज्ञ, नाशिक