पेठांतल्या अनोळखी मंडळींचे आभार

आईला घेऊन पुण्याच्या पेठा फिरणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून मनापासून आभार. मंडईचं मेट्रो स्थानक जमिनीखाली. लिफ्ट कुठल्या टोकाला, हे न विचारता सांगणाऱ्यांचे. तुळशीबागेत स्टूल पुढे सरकवणाऱ्या बांगडीवाल्यांचे तर फारच, कारण बोळ अरुंद, संध्याकाळी रेटारेटी, आणि टेकायला राममंदिराचं आवार सोडलं तर जागा मिळणं कठीण. म्हणून दुकानं उघडतानाच जावं. दुपारी १ ते ४ शटर खाली ओढणारे अजून आहेत, "काकू, चारनंतर या" असं वाटेतच सांगून उन्हातला हेलपाटा वाचवणाऱ्यांचेही आभार (पुण्यात हे सौजन्यच!). लक्ष्मी रस्ता एकेरी, पण ओलांडताना दोन्हीकडे पाहावं, उलटे येणारे असतातच. तिथे हात वर करून रिक्षा थांबवणाऱ्या दादांचे विशेष आभार.