पासवर्ड टाकताना तुम्ही खुर्ची फिरवलीत, त्याबद्दल

मॅडम, नमस्कार.

नाव लिहीत नाहीये. फोनवर विचारलं तेव्हा तुम्हीच म्हणालात की लिहायचं तर लिहा पण माझं नाव नको, हातात आहेत तेवढी कामं पुरे आहेत. म्हणून नुसतं मॅडम. तुमच्याकडे हिशोबाला येणाऱ्यांना वाचून कळेलच कोण ते.

हे खरं तर सप्टेंबरमधेच लिहायचं होतं पण तेव्हा लिहायला बसलो की डोक्यात फक्त तुमच्या आधी माझा हिशोब बघणाऱ्या माणसाबद्दलचा राग यायचा आणि चार ओळी त्याच्यावरच व्हायच्या. अजूनही राग गेलेला नाही, तो यात येईलच, पण आता तुमच्याबद्दल लिहिता येतंय.

वाचणाऱ्यांसाठी सांगतो. माझा धंदा बोर्डांचा. पुण्यात धायरीला शेड आहे, एसीपी शीट, ॲक्रिलिकची अक्षरं, आत एलईडी मॉड्यूल, मी आणि दोन पोरं, सीझनला चार. दुकानांचे बोर्ड, दवाखान्यांचे, गणपतीत मंडळांच्या कमानी. बारा वर्षं झाली. फ्रेम एक सूत जरी वाकडी असली तरी मला लांबून दिसते, पण हिशोब हा विषय मी पहिल्यापासून दुसऱ्याच्या हातात दिला कारण आपल्याला त्यातलं कळत नाही याची लाज वाटायची. आणि ज्याच्या हातात दिला त्याने ती लाज बरोबर ओळखली होती. काही विचारलं की "तुम्ही तुमचं काम बघा, हे टेन्शन माझं" असं म्हणायचा. मला ते आपुलकीचं वाटायचं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात बाणेरच्या एका कंपनीच्या अकाउंट्समधून एका मुलीचा फोन आला, म्हणाली तुमचं २ लाख १४ हजारांचं पेमेंट होल्ड झालंय, तुमचा जीएसटी नंबर कॅन्सल दाखवतोय. मी म्हटलं शक्यच नाही, मी दर महिन्याला टॅक्सचे पैसे देतो. तिने शांतपणे स्क्रीनशॉट पाठवला. ३ जूनची तारीख, कॅन्सल्ड. आणि खाली टेबल, त्यात शेवटचं भरलेलं रिटर्न आदल्या सप्टेंबरचं. त्याच्यापुढे काहीच नाही. आठ महिने मी त्या माणसाला जीपे करत होतो, तोंडाने विचारलं तर "झालंय सर", आणि भरलं काहीच नव्हतं. मिळून १ लाख ६२ हजार रुपये. फोन केला तर दोन दिवस "गावाला आलोय" आणि तिसऱ्या दिवसापासून मी ब्लॉक.

सहा महिने रिटर्न गेलं नाही की जीएसटी खातं आधी नोटीस काढतं, उत्तर द्यायला वेळ देतं, मग नंबर रद्द करतं. म्हणजे नोटीस आली होती. पण रजिस्ट्रेशन करताना त्याने मोबाईल आणि ईमेल स्वतःचा टाकला होता, त्यामुळे माझ्या धंद्याच्या नावाने आलेलं प्रत्येक पत्र त्याच्या फोनवर जात होतं आणि तो ते वाचून गप्प बसत होता. पैशापेक्षा मला हे जास्त लागलंय मॅडम. त्याच्यावर काय करायचं ते वकील बघतायत, त्याचं नाव इथे घेत नाही.

तुमच्याकडे यायच्या आधी मी दोन ठिकाणी गेलो होतो हे तुम्हाला पूर्ण सांगितलं नव्हतं. एक मोठं एसी ऑफिस, तिथे २५ हजार ॲडव्हान्स आधी, मग फाईल बघू. साहेब भेटलेच नाहीत, काउंटरवरचा मुलगा माझ्या पिशवीतली बिलं बघून हसला. दुसऱ्याने पाच मिनिटात उपाय सांगितला, हा नंबर सोडून द्या, बायकोच्या नाहीतर भावाच्या नावावर नवीन काढा, मागचं कोण विचारतंय. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, ती म्हणाली तुमचं बिघडलं म्हणून आता माझं नाव लावायचं का. तिचं बरोबरच होतं.

मग बोहरी आळीत स्क्रू आणि रिव्हेट घ्यायला गेलो होतो, तिथल्या नेहमीच्या दुकानदाराने माझा चेहरा बघून विचारलं काय झालं, आणि बिलाच्या मागे तुमचा नंबर लिहून दिला. म्हणाले बाई एकट्याच आहेत, घरूनच करतात, बोलायला कडक आहेत पण एक रुपया इकडचा तिकडे करणार नाहीत.

तुमच्या हॉलमधलं ते टेबल, एका बाजूला टॅली उघडलेला कॉम्प्युटर, भिंतीवर कालनिर्णय. मी डी-मार्टच्या तीन पिशव्या भरून बिलं आणली होती, काही ओली होऊन वाळलेली, काहींवर थिनरचे डाग. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. तुम्ही फक्त विचारलंत, "यात खरेदी कुठली आणि विक्री कुठली तेवढं वेगळं करायला मला मदत कराल का, शीटचे प्रकार मला कळत नाहीत." पहिल्यांदा कुणीतरी हिशोबाच्या टेबलावर मला माझं काम विचारत होतं.

आणि पहिल्याच दिवशी तुम्ही स्पष्ट सांगितलंत की मी सीए नाही, ऑडिट लागलं तर मी सही करू शकत नाही, तेव्हा मी ओळखीच्या सीएंकडे पाठवीन. हे न विचारता सांगितलंत.

मग पेन्सिल घेऊन कालनिर्णयवर ३ जूनपासून दिवस मोजलेत. एकेका चौकोनावर टिंब देत. रद्द झालेला नंबर परत मिळवायचा अर्ज ऑर्डरपासून ९० दिवसांत करायचा असतो, त्या दिवशी ७१ वा दिवस होता. "१९ आहेत, होईल," एवढंच म्हणालात. पुढे मुदत वाढवून मागता येते हे मला नंतर कळलं, पण तुम्ही ते तेव्हा मुद्दाम सांगितलं नाहीत ना? मी नक्की ढिला पडलो असतो.

आठही रिटर्न भरायची म्हणजे तोच टॅक्स मी दुसऱ्यांदा भरायचा, वर १८ टक्क्याने व्याज, आणि लेट फी. लेट फी रोजची ५० रुपये ऐकून मी आठ महिन्यांचा गुणाकार करून हबकलो होतो, तर तुम्ही सांगितलंत की दीड कोटीच्या आतल्या उलाढालीला एका रिटर्नला जास्तीत जास्त २००० लागतात, म्हणजे आठाचे १६ हजार, आणि ते कागदावर लिहून माझ्याकडे सरकवलंत. त्या १६ हजाराच्या आकड्याने मी त्या रात्री झोपलो. बाकीच्यासाठी पतपेढीतून एक लाख उचलले आणि मंडळांचे ॲडव्हान्स आले होते ते. तुमच्या फीचं विचारलं तर "आधी बाणेरचं पेमेंट येऊ दे."

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते.

जीएसटीच्या पोर्टलवर मोबाईल नंबर त्या माणसाचा, त्यामुळे ओटीपी सगळे त्याच्याकडे, आपण लॉगिनच करू शकत नव्हतो. तुम्ही म्हणालात याला वाट आहे, असं खूप जणांचं झालेलं आहे, ज्या अधिकाऱ्याच्या हद्दीत आपण येतो त्यांच्याकडे कागद घेऊन जायचं, ते नवीन ईमेल आणि मोबाईल टाकून देतात. येरवड्याच्या जीएसटी भवनला तुम्ही स्वतः बरोबर आलात, पीएमटीच्या बसने, मी गाडीवर सोडतो म्हटलं तरी नाही. पॅन, आधार, शॉप ॲक्ट, सगळं तुम्ही आदल्या रात्री क्लिप लावून ठेवलेलं. तिथल्या साहेबांनीही नीट ऐकून घेतलं, त्यांचेही आभार. आणि तात्पुरता पासवर्ड ईमेलवर आला.

दुपारी परत तुमच्या टेबलापाशी. तुम्ही पोर्टल उघडलंत, तात्पुरता पासवर्ड टाकला, नवीन पासवर्ड टाका असं पान आलं. मी सवयीने म्हटलं तुम्हीच टाका काहीतरी. तुम्ही कीबोर्ड उचलून माझ्यासमोर ठेवलात आणि तुमची ती चाकाची खुर्ची पूर्ण फिरवलीत, भिंतीकडे तोंड करून बसलात. म्हणालात, "टाका तुम्ही. झालं की सांगा."

मला वेळ लागला. एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह, मग तेच परत, दोन वेळा चुकलं, लाल अक्षरात काहीतरी आलं, मी परत टाकलं. चार-पाच मिनिटं तरी गेली असतील. तुम्ही एकदाही वळून बघितलं नाहीत. घाई करा म्हणाला नाहीत, काय अडलं विचारलं नाहीत, भिंतीकडे तोंड करून नुसत्या बसून होतात. आत कुकरची शिट्टी झाली तरी उठला नाहीत, कारण उठायचं म्हणजे स्क्रीनसमोरून जावं लागलं असतं. हे माझ्या नंतर लक्षात आलं, शेडवर आल्यावर, आणि तेव्हा माझ्या डोळ्यात पाणी आलं. पोरं बघत होती म्हणून मी ग्राइंडर चालू केला.

बारा वर्षं माझ्या धंद्याचं कुलूप दुसऱ्याच्या खिशात होतं आणि तुम्ही किल्ली हातात देऊन वर पाठ फिरवून बसलात. तुम्ही बघितलं असतं तरी मला चाललं असतं हो. सगळेच ठेवतात क्लायंटचे पासवर्ड, वहीत लिहून ठेवतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. तुम्हाला वाटलं.

तेव्हापासून दर महिन्याच्या १७-१८ तारखेला मी तुमच्याकडे येतो, लॉगिन मी करतो, तुम्ही थ्री-बी मधला, म्हणजे महिन्याच्या टॅक्सच्या रिटर्नमधला, एकेक आकडा वाचून दाखवता आणि ओटीपी माझ्या फोनवर येतो, तो मी टाकतो. पाऊण तास जातो. टॅक्स चलन काढून माझ्या बँकेतून थेट सरकारला जातो, मधे कुणी माणूस नाही. बिलात लावलेले १८ टक्के आपले नव्हेतच म्हणून तुम्ही त्याला वेगळं खातं काढायला लावलंत, आता गिऱ्हाइकाचं पेमेंट आलं की तेवढी रक्कम मी त्याच संध्याकाळी तिकडे टाकतो. टू-बी, म्हणजे सप्लायरनी भरलेली आपल्या खरेदीची बिलं जिथे दिसतात तो पोर्टलवरचा तक्ता, तो पण कळायला लागलाय. मागच्या महिन्यात एका सप्लायरची दोन बिलं त्यात दिसेनात, मीच त्याला फोन केला की तुमचं आर-वन, म्हणजे विक्रीचं रिटर्न, भरलं का, माझं खरेदीवरच्या टॅक्सचं क्रेडिट अडकलंय. फोन ठेवल्यावर पोरगा म्हणाला भाऊ तुम्ही तर अकाउंटंट झालात.

जे हे वाचतायत आणि ज्यांचा हिशोब दुसऱ्याकडे आहे, त्यांनी एवढं आज करा. जीएसटीच्या साईटवर लॉगिन न करता सर्च टॅक्सपेअरमधे आपला नंबर टाका, नंबर चालू आहे का दिसतं, खाली फायलिंग टेबल उघडा, कुठलं रिटर्न कधी गेलं ते तारखेसकट दिसतं. दोन मिनिटं लागतात. मला हे कुणी सांगितलं असतं तर दुसऱ्या महिन्यालाच पकडला असता त्याला. आणि प्रोफाईलवर मोबाईल कुणाचा आहे ते बघा.

चांगली माणसं त्या पंधरा दिवसांत बरीच भेटली तसं बघितलं तर. बाणेरची ती मुलगी, तिला नुसतं पेमेंट अडवून गप्प बसता आलं असतं, तिने फोन केला. बोहरी आळीतले काका. पतपेढीतले मॅनेजर, ज्यांनी कारण ऐकून कागद पुढे सरकवले. कुणी फार मोठं काही केलं नाही, पण प्रत्येकाने आपल्या टेबलावरचं काम सरळ केलं, आणि मला त्या दिवसांत तेवढंच हवं होतं. आपण ज्याला साधी माणुसकी म्हणतो ती ज्याचं सगळं अडकलंय त्याला केवढी मोठी दिसते, हे मला आधी माहीत नव्हतं.

गौरी विसर्जनाच्या दिवशी दुपारी मी नाना पेठेत मंडळाच्या कमानीला शेवटचं कनेक्शन देत होतो, शिडीवर होतो. फोन वाजला, मेसेज, नंबर परत चालू झाल्याचा. माझ्या फोनवर आला होता मॅडम. खात्याचा मेसेज आणि माझ्या स्वतःच्या फोनवर. मी शिडीवरूनच तुम्हाला फोन लावला आणि तुम्ही म्हणालात, "हो का, मला कुठे कळणार, तुमच्याकडेच येणार ना तो. खाली उतरा आधी."

आता एक काम राहिलंय. तुमच्या दारावर नुसतं आडनाव आहे, तेही अर्धं निघालेलं, आणि ज्या शहरात दर दाराला पाटी आहे तिथे तुमच्यासारख्या माणसाचं दार असं असू नये असं मला पहिल्या दिवसापासून वाटतंय. फुकट घेणार नाही म्हणालात, बिल करा, जीएसटीसकट, तर पाटी लावा. ठीक आहे. ॲक्रिलिकवर काळी अक्षरं कापलीत, नाव आणि खाली "हिशोब व कर सल्ला", शेवटच्या अक्षराचा काना मी स्वतः घासलाय. बिल पण काढलंय आणि या महिन्याच्या आर-वनमधे जाणार आहे. रविवारी सकाळी ड्रिल घेऊन येतो, घरी आहात का तेवढं कळवा.