वेटोळं कापून स्प्रिंग मऊ होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ड्रॅग रेसिंगच्या (जागेवरून सुटून सरळ रेषेत थोडं अंतर झटकन कापायच्या शर्यतीच्या) गाड्यांवर लेख आला होता. इंजिनाचा भाग झकास उतरलाय, त्याबद्दल तक्रार नाही. मागच्या सस्पेंशनवर मात्र एकच वाक्य आहे आणि त्या एका वाक्यात तीन चुका आहेत : ‘मागच्या स्प्रिंगची एक-दोन वेटोळी कापली की स्प्रिंग मऊ होते, गाडी सुटताना मागून बसते आणि टायरला पकड मिळते.’ मी स्प्रिंगच्या कारखान्यात तपासणीला होतो, आता अशाच गाड्यांची मागची बाजू बसवून देतो. ते वाक्य वाचून कुणीतरी गॅसकटर उचलणार, म्हणून लिहितो आहे.

आधी कापण्याचं. स्प्रिंग म्हणजे गुंडाळलेली लांब तारच. तार जितकी लांब तितकी ती सहज पिळते, म्हणजे तितकी स्प्रिंग मऊ. दहा चालती (म्हणजे प्रत्यक्ष दबणारी) वेटोळी असलेल्या स्प्रिंगमधली दोन कापली तर ती २५ टक्के कडक होते. गाडी खाली येते म्हणून ती मऊ झाल्यासारखी वाटते, पण खाली येते ती उंची गेल्यामुळे. शिवाय गॅसने कापलं की कडेच्या तारेचं पाणी, म्हणजे भट्टीत दिलेला चिवटपणा, उतरतं आणि टोक सपाट न राहिल्याने स्प्रिंग बैठकीत तिरपी बसते. तारेची जाडी तर याहून खट्याळ : १० टक्के जाड तार घेतली की तीच स्प्रिंग सुमारे ४६ टक्के कडक. नजरेला सारख्या दिसणाऱ्या दोन स्प्रिंगांवर म्हणूनच माझा विश्वास नसतो.

आता ‘बसते म्हणून पकड मिळते’ याबद्दल. चालकासह १,३०० किलोची गाडी घ्या. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंटिमीटरवर, पुढच्या-मागच्या चाकांत २६० सेंटिमीटर अंतर. गाडी १ जी (गुरुत्वाकर्षणाइतक्या) वेगवाढीने सुटली की पुढच्या चाकांवरचं २५० किलो वजन मागच्या चाकांवर जातं. या हिशोबात वजन, उंची, लांबी आणि वेगवाढ एवढंच येतं, स्प्रिंग कुठेच येत नाही. ती कडक असो की मऊ, २५० किलो जाणारच. टॉप फ्युएल वर्गातल्या सगळ्यांत जलद गाड्यांना तर मागे स्प्रिंगच नसते; ॲक्सल (मागच्या चाकांचा आडवा आस) थेट चेसीला, म्हणजे सांगाड्याला, जखडलेला असतो. लवते ती लांबलचक चेसी आणि सुरकुतते ती टायरची भिंत. त्यांची पकड काय बसण्यावर चालते?

उलट, फोर-लिंक किंवा लॅडर बार (ॲक्सलला बॉडीशी जोडणारे दांडे, म्हणजेच लिंक) नीट लावलेली गाडी सुटताना मागून बऱ्याचदा उचलली जाते. लिंकच ॲक्सलला खाली रेटतात आणि बॉडीला वर, स्प्रिंग दबण्याऐवजी उघडते. फोटोत ढुंगण टेकलेली गाडी रुबाबदार दिसते, हे मान्य. पण बसणं-उठणं ठरवतात लिंकचे कोन, ते किती झपाट्याने व्हावं हे शॉक ॲब्सॉर्बर ठरवतो आणि स्प्रिंगकडे उरतं ते गाडी योग्य उंचीवर उभी करणं आणि दोन्ही दिशांना चाल शिल्लक ठेवणं. तिन्हींची कामं स्प्रिंगच्या गळ्यात मारली की गोंधळ सुरू.

तेव्हा स्प्रिंग निवडायची ती वजनावरून. चालक हेल्मेटसकट सीटवर, टाकीत शर्यतीइतकंच इंधन, टायरमध्ये शर्यतीचीच हवा आणि चारही चाकं वेगवेगळ्या काट्यांवर. वरच्या गाडीच्या मागच्या चाकांवर समजा ६३० किलो भरले. त्यातून ॲक्सल, चाकं, ब्रेक असं स्प्रिंगच्या खालचं १३० किलो वजा करा. हा आकडा लोक हमखास विसरतात आणि मग नको तितकी कडक स्प्रिंग आणतात. उरले ५००, म्हणजे एका बाजूला २५०. बाजारात स्प्रिंग पौंड-प्रति-इंचावर मिळते. ११० पौंडाची स्प्रिंग एक इंच दाबायला सुमारे ५० किलो लागतात, तेव्हा २५० किलोखाली ती पाच इंच दबेल. १२ इंची असेल तर सात इंच उरेल. आता हे माप शॉकच्या लांबीशी जुळवा : उभ्या गाडीत शॉकला दबायला जागा हवी आणि उघडायला त्याहून थोडी जास्त. तीच जागा १५० पौंडाच्या स्प्रिंगला दिली तर ती ३.७ इंचच दबते. बॉडी उचलली गेली की या कडक स्प्रिंगमधला जोर लवकर सरतो, मऊ स्प्रिंगमधला टिकतो. मऊ स्प्रिंगचा फायदा आहे तो हा, बसण्याचा नाही. त्यालाही मर्यादा आहे. फार मऊ घेतली तर उभ्या गाडीतच वेटोळी एकमेकांना टेकायला येतात, आणि सुटताना शॉक पूर्ण उघडून खटकन थांबला की ॲक्सलला वरचा हिसका बसतो आणि टायर सुटतो.

स्प्रिंग तिरपी बसवली असेल तर हिशोब बदलतो. उभ्या रेषेपासून २० अंश कललेली स्प्रिंग सुमारे १२ टक्के मऊ ठरते, ३० अंशांवर चक्क २५ टक्के. आणखी एक गैरसमज जाता जाता : स्प्रिंगखालची चुडीची रिंग फिरवून ती ‘कडक’ होत नाही, गाडी फक्त वर येते.

स्प्रिंगवर छापलेला आकडाही तपासून घ्यावा. आम्ही ती प्रेसखाली धरून आधी एक इंच दाबतो आणि ते वाचन सोडून देतो, कारण टोकाची वेटोळी अजून बसत असतात. मग पुढचा प्रत्येक इंच लिहून काढतो. एकाच खोक्यातल्या, एकच आकडा छापलेल्या दोन स्प्रिंगा इथे वेगळ्या निघतात. अशी जोडी मागे लावली की गाडी एका बाजूला ओढते आणि दोष बिचाऱ्या टायरला जातो.

मागच्या उजव्या बाजूचा प्रश्न वेगळा. अखंड ॲक्सलच्या नेहमीच्या गाड्यांत प्रॉपेलर शाफ्टची (इंजिनाचा जोर मागे नेणाऱ्या फिरत्या दांड्याची) पिळ मागचं डावं चाक जमिनीत रोवते आणि उजवं उचलू पाहते. त्यावर उजवीकडे कडक स्प्रिंग घालणारे आहेत, स्प्रिंगमध्ये हवेची पिशवी टाकणारेही आहेत. चालतं. पण आधी अँटी-रोल बार (गाडीला एका बाजूला कलू न देणारा दांडा) लावून पाहावा. त्यात गाडी सरळ गेली तर बाकीच्या खटपटी कशाला?

जमलं की नाही ते पहिल्या ६० फुटांत, म्हणजे १८.३ मीटरमध्ये कळतं. तिथे वाचलेला दहावा भाग सेकंद पाव मैलाच्या शेवटी दीड-दोन दशांश होऊन हाती येतो, असा आमचा ठोकताळा. शॉकच्या दांड्याला प्लॅस्टिकची पट्टी घट्ट बांधा आणि कडेला मोबाईल स्लो मोशनवर ठेवा. शॉक किती दबला ते पट्टी दाखवते, किती उघडला ते चित्रण.

लेख वाचून ज्यांनी वेटोळी कापली असतील त्यांनी दोन्ही स्प्रिंगा एकदम बदलाव्यात. एक जुनी, एक नवी असली जोडी नको. आणि आपण खुलासा छापणार असाल तर कापलेली स्प्रिंग कडक होते एवढं वाक्य ठळक अक्षरांत घ्यावं, बाकी जागेअभावी गाळलंत तरी हरकत नाही.

आपला,
मागची बाजू बसवणारा एक वाचक