लाल बॅटरीवाला

साओ पावलो,
रविवार

तीर्थरूप बाबांस, शिरसाष्टांग नमस्कार.

माझी पाठ आता बरी आहे, हे आईला आधी सांगा, म्हणजे ती पुढचं ऐकेल.

काल इथल्या सिनेमाटेकात, म्हणजे जुने सिनेमे जपून दाखवणाऱ्या संग्रहालयात, १९६८चा एक कृष्णधवल सिनेमा पाहिला. नाव ‘ओ बांदिदो दा लूझ व्हेर्मेल्या’, म्हणजे लाल दिव्याचा डाकू. असा माणूस खरोखर होता, जुआंव आकासियो परेरा दा कोस्ता. रात्री श्रीमंतांच्या बंगल्यांची वीज तोडायची आणि लाल उजेडाची बॅटरी घेऊन आत शिरायचं, ही त्याची तऱ्हा. १९६७ साली कुरितिबात सापडला. चार खून, ढिगाने दरोडे आणि शिक्षा किती, तर ३५१ वर्षं! कायद्याने मात्र तीसच्या वर आत ठेवता येत नव्हतं.

दिग्दर्शक रोजेरिओ स्गांझेर्ला तेव्हा अवघा २२ वर्षांचा. पोराने डाकूला डोक्यावर घेतलेलं नाही, हे मला फार आवडलं. सिनेमाभर रेडिओवरचे एक बुवा आणि एक बाई आळीपाळीने ओरडत असतात: पकडला, सुटला, राक्षस आहे, बावळट आहे. त्या गोंगाटात आपण नक्की कोण, हे त्या डाकूलाच कळेनासं होतं. मध्येच थोडा कंटाळाही येतो, खोटं कशाला सांगू. पण त्याच वर्षी इथल्या लष्करी सरकारने संसदेला टाळं ठोकलं, हे ध्यानात घेतलं की त्या थिल्लरपणाला धार येते.

शूटिंग बरंचसं ‘बोका दो लिशो’ भागातलं, लूझ स्टेशनाजवळचं. वितरकांची ऑफिसं तिथेच होती, कारण रिळं आगगाडीने गावोगाव जायची. आपल्या टॉकीजच्या पेट्या एसटीने यायच्या आणि गाडी चुकली की तुम्ही पब्लिकच्या शिव्या खायचात, तसंच इथल्या ऑपरेटरांचं होत असणार.

सिनेमातला डाकू शेवटी विजेचा शॉक घेऊन जीव देतो. खरा तेव्हा तुरुंगात होता. १९९७मध्ये सुटला, जॉइन्व्हिलीला गेला आणि काही महिन्यांतच तिथे गोळी लागून मेला.

दिवाळीत येताना कॉपी आणतो. सबटायटल्स इंग्रजी आहेत, मी शेजारी बसून सांगेन. आईला मात्र त्या वेळी मावशीकडे धाडा, नाहीतर पहिल्याच दरोड्याला टीव्ही बंद करेल.

तुमचा,
सुहास