विज्ञानकथा लहान मुलांच्या कपाटात का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी आपल्या पुरवणीत चार पुस्तकांची परीक्षणं होती. दोन चरित्रं, एक कादंबरी, एक कवितासंग्रह. विज्ञानकथांच्या एका नव्या संग्रहाची ओळखही त्याच अंकात होती, पण ती मुलांच्या पानावर, शब्दकोड्याच्या खाली, चार ओळींत. त्या चार ओळी वाचून हे पत्र लिहायला घेतलं.

मी या विषयाची अभ्यासक नाही. कोथरूडला राहते, एका कार्यालयात हिशेब बघते. सकाळी आनंदनगरला मेट्रोत बसते, बंडगार्डनला उतरते, संध्याकाळी तसंच परत. जागा मिळो न मिळो, वीस-पंचवीस मिनिटं हातात पुस्तक असतं. अलीकडे त्यात जास्त करून विज्ञानकथा आणि अद्भुतकथाच आहेत, आणि हे वाचन मला किती देऊन गेलंय ते मनापासून सांगावंसं वाटतंय.

सुरुवात झाली डॉ. जयंत नारळीकरांपासून. २० मे २०२५ला ते पुण्यातच गेले. त्या आठवड्यात मला ‘वामन परत न आला’ पुन्हा वाचायचं होतं. कॉलेजात असताना वाचलं होतं, पण बरंचसं विसरले होते. मी जिथे वर्गणी भरते त्या वाचनालयात गेले. कादंबऱ्यांच्या रांगेत ‘न’मध्ये शोधलं, नाही. काउंटरवरच्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, “काकू, नातवासाठी हवंय का? बालविभागात बघा, खिडकीखाली.” मलाच हवंय म्हटल्यावर त्याला जरा नवल वाटलं.

खिडकीखालचं कपाट गुडघ्याएवढं. परीकथा, चित्रांची रामायणं, त्यांच्या मधोमध नारळीकरांची तीन पुस्तकं, प्रत्येकाच्या कण्यावर पिवळा कागद आणि त्यावर ‘बाल’. पुस्तक उघडून तारखांची पट्टी पाहिली. शेवटचा शिक्का २०१४चा. पानं कोरी करकरीत, कोपरा कुठे दुमडलेला नाही. मुलांना ते जड जातं म्हणून मुलं नेत नाहीत, मोठे त्या कपाटाकडे वाकत नाहीत. अकरा वर्षं ते पुस्तक तिथे तसंच उभं होतं.

ते घरी आणून दोन दिवसांत संपवलं. जमिनीत खोल गाडलेली एक पेटी सापडते. तिच्यात कुठल्याशा प्राचीन, प्रगत संस्कृतीचं ज्ञान साठवलेलं असतं. त्यावरून आपले शास्त्रज्ञ एक यंत्रमानव घडवतात, त्याचं नाव वामन. आधी तो सेवक असतो, मग त्याला आणखी हवंसं वाटू लागतं. ज्याला बळीची गोष्ट ठाऊक आहे त्याला हे नाव वाचताक्षणी पोटात गोळा येतो, कारण वामन मागतो तीनच पावलं. ही कादंबरी ऐंशीच्या दशकातली. माझी पुतणी हिंजवडीत नोकरी करते, जेवताना रोज एआयची गोष्ट निघते, कुणाचं काम गेलं, कुणाचं जाणार. तिला मी पुस्तक दिलं. रात्री एक वाजता तिच्या खोलीतला दिवा चालू होता. सकाळी म्हणाली, “आत्या, हे आधी का नाही दिलंस?” ही अठ्ठावीस वर्षांची मुलगी बालविभागात कशाला जाईल?

नारळीकरांनी स्वतः विज्ञानकथा कुठल्या पंक्तीला मांडली होती, तेही आठवून बघावं. १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं नाव. नावाच्या वजनाने बक्षीस नको, कथा म्हणून कथेचा निकाल लागू दे, एवढाच हेतू. आणि कथेला पहिलं बक्षीस मिळालं. पुढे ‘चार नगरांतले माझे विश्व’ला २०१४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, २०२१च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं. मराठी साहित्याने त्यांना अध्यक्षाच्या खुर्चीत बसवलं, मग वाचनालयात त्यांची जागा खिडकीखाली का?

त्यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ घ्या. इतिहासाच्या प्राध्यापकाला असं जग दिसतं जिथे पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकली आहे, कारण विश्वासरावांना लागणारी गोळी कानाजवळून निघून गेली. ‘विश्वास तर पानिपतातच गेला’ असं आपण अजून बोलता बोलता म्हणून जातो. २६० वर्षांहून जुनी ती जखम ज्याच्या बोलण्यात आहे, त्यालाच ती चुकलेली गोळी कळते. ही कथा इंग्रजीतून अकरावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात आहे. दहा वर्षांचं मूल ती वाचेलही, पण तिच्यातली हळहळ त्याला कुठून कळणार?

आता बाहेरच्या पुस्तकांबद्दल. समँथा हार्वी यांच्या ‘ऑर्बिटल’ला २०२४चं बुकर मिळालं. जेमतेम १३६ पानं. अंतराळ स्थानकावरची सहा माणसं आणि त्यांचा एक दिवस, ज्यात पृथ्वीभोवती सोळा फेऱ्या होतात, म्हणजे सोळा वेळा सूर्य उगवतो, सोळा वेळा मावळतो. घटना म्हणाल तर फारशी नाहीच. खाली समुद्रावर एक प्रचंड वादळ तयार होताना त्यांना दिसतं, आणि चिए नावाच्या जपानी अंतराळवीर बाईला कळतं की तिची आई गेली. तिला खाली जाता येत नाही. ती तिथेच आपलं काम करत राहते आणि दर फेरीत खाली जपान येतो नि जातो.

तिथे पुस्तक मिटून मी मेट्रोच्या खिडकीतून बाहेर बघत बसले होते. एप्रिल २०२१मध्ये माझे वडील गेले तेव्हा धाकटा भाऊ न्यू जर्सीत होता. त्याला येता आलं नाही. दहाव्याला घाटावर मी मोबाइल उंच धरून उभी होते, हात दुखायला लागले तरी खाली केला नाही, कारण तिकडे त्याची रात्र होती आणि तो काही न बोलता बघत होता. कावळा शिवला तेव्हा तोच पहिल्यांदा म्हणाला, “शिवला गं.” त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं तोवर कधीच बोललो नव्हतो. हे पुस्तक मी त्याला पाठवलं आणि मग आमचं बोलणं झालं. जून-जुलै २०२५मध्ये शुभांशू शुक्ला अंतराळ स्थानकावर होते, तेव्हा रोज बातम्यांत ते दिसायचे आणि मला मात्र चिए आठवायची. अशा पुस्तकाला आपण ‘मुलांचं’ म्हणायचं का?

लिउ छिशिन यांची ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ मला तितकी भिडली नाही. कल्पना थक्क करणाऱ्या आहेत, पण माणसं लक्षात राहत नाहीत. अपवाद सुरुवातीचा. चीनच्या सांस्कृतिक क्रांतीत भौतिकशास्त्राच्या एका प्राध्यापकाला भर सभेत, मुलीच्या डोळ्यांदेखत मारून टाकतात, तो प्रसंग विसरता येत नाही. त्याहून मनात राहिली ती या पुस्तकाच्या प्रवासाची गोष्ट. चिनीत ते २००८ साली पुस्तकरूपाने आलं, केन लिउ या स्वतः कथाकार असलेल्या माणसाने इंग्रजीत नेलं २०१४ला, आणि २०१५ला त्याला ह्युगो हा विज्ञानकथा-अद्भुतकथांचा मोठा पुरस्कार मिळाला. अनुवादित कादंबरीला हा मान तेव्हा पहिल्यांदाच मिळाला. कुणीतरी जाणत्याने ती कादंबरी मोठ्यांचं साहित्य म्हणून हाताळली, म्हणून हे झालं.

श्रीलंकेचे वज्र चंद्रसेकर यांची ‘द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स’ तर आपल्या अगदी शेजारची. मुलगा जन्मतो आणि आई त्याची सावली पितळी खिळ्याने जमिनीला ठोकून त्याच्यापासून फाडून काढते. बापाला, जो एक मोठा संत आहे, त्याला मारायलाच तिने मुलाला वाढवलेलं. ज्याने बुद्ध आणि त्याचा मुलगा राहुल यांची गोष्ट ऐकली आहे त्याला हे वाचताना वेगळाच शहारा येतो. या कादंबरीला नेब्युला मिळालं, तोही ह्युगोसारखाच या साहित्याचा मोठा पुरस्कार. मला मध्यावर ती दोनदा बाजूला ठेवावी लागली, इतकी गुंतागुंत आहे, पण तिसऱ्यांदा हातात घेतली ती संपवूनच ठेवली.

यापुढे वाचायची म्हणून आणून ठेवलेली आहे रॉबर्ट जॅक्सन बेनेट यांची ‘द टेंटेड कप’, २०२५च्या ह्युगोची मानकरी. पुतणीने आधीच वाचली आणि सुरुवात मला सांगून टाकली: एका श्रीमंत वाड्यात एक अधिकारी मरून पडलाय आणि त्याच्या अंगातून झाड उगवलंय. तपास करणारी बाई डोळ्यांवर पट्टी बांधून घरात बसते, आणि जे दिसेल ते सगळं लक्षात ठेवणारा तिचा मदतनीस बाहेर हिंडून येतो. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतल्या धनंजय आणि छोटूवर वाढलेल्या आमच्या घरात हिचं स्वागत होणारच.

पण मला हे मराठीतही हवं आहे, आणि मराठीत ते होतं. भा. रा. भागवतांनी जूल व्हर्न आणला. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांनी विज्ञानकथा लिहिल्या, नारायण धारपांनी भयकथेसोबत विज्ञानकथाही लिहिली. यातलं काय मिळतं ते बघायला एका शनिवारी अप्पा बळवंत चौकात गेले. पाच दुकानं फिरले. धारप भरपूर होते. लोंढ्यांचं एकही पुस्तक मिळालं नाही, फोंडक्यांचं एक मिळालं, आणि दोन दुकानांत मला थेट शालेय पुस्तकांच्या बाजूला नेलं. एक दुकानदार चांगुलपणाने म्हणाले, “ताई, विचारतं कोण? तुम्ही या महिन्यातल्या पहिल्याच.” पण जी पुस्तकं मोठ्यांना कधी दाखवलीच गेली नाहीत, ती मोठे विचारणार कशी?

म्हणून आपल्याला एक विनंती. विज्ञानकथेचं नवं पुस्तक आलं की त्याचं परीक्षण मोठ्यांच्या पानावर, कादंबरीला देता तेवढ्याच जागेत द्यावं, आणि ते कथा-कादंबऱ्या वाचणाऱ्या माणसाकडून लिहून घ्यावं. विज्ञान बरोबर आहे की चूक एवढंच सांगून परीक्षण संपतं, तसं नको. माणसं कशी उतरलीत, भाषा कशी आहे, हेही लिहावं. पुस्तक पडलं असेल तर तसंही स्पष्ट लिहावं. दिवाळी अंकांच्या संपादकांपैकी कुणी हे वाचत असेल तर त्यांनाही सांगणं आहे की एक चांगली मराठी विज्ञानकथा आणि एक चांगला अनुवाद, एवढं तरी प्रत्येक अंकात असू द्या.

वाचनालयातल्या त्या मुलाला मी पुस्तक परत करताना सांगितलं की ‘बाल’ची पट्टी काढा. त्याने समितीकडे अर्ज द्या म्हटलं. अर्ज दिला आहे, खाली अकरा वर्गणीदारांच्या सह्या आहेत. पुढची बैठक महिनाअखेरीला आहे. तोवर ‘वामन परत न आला’ त्याने काउंटरवरच ठेवलंय, आणि काल गेले तेव्हा ते तिथे नव्हतं. कुणीतरी नेलं होतं.

आपली,
एक वाचक
कोथरूड, पुणे