ताई, पाटी उचलणाऱ्या आजीसाठी थँक्यू

प्रिय ताई,

हे तुला मेसेज करूनही सांगता आलं असतं, पण मला ते सगळ्यांसमोर सांगायचंय. स्टॉप मोशन, म्हणजे बाहुली जराजराशी हलवत एकेक फोटो काढून फिल्म करायची, ते शिकायला धडपडणारी माझ्यासारखी बरीच पोरं आहेत, त्यांनाही कळू दे की तुझ्यासारखी सीनियर भेटली तर काय होतं.

माझी फिल्म म्हणजे एक भाजीवाली आजी खाली ठेवलेली पाटी उचलते, डोक्यावर घेते आणि निघते, बास. ऐकायला सोप्पं वाटतं, पण सेकंदाला २४ फ्रेम, आपण टूजवर शूट करायचं ठरवलं म्हणजे एक पोज दोन फ्रेम, तरी सेकंदाला १२ फोटो आणि मिनिटाला ७२०. हे गणित तू पहिल्यांदाच माझ्याकडून वहीत करून घेतलंस आणि म्हणालीस, आता स्टोरी छोटी कर. किती बरं झालं ते!

पपेटचा, म्हणजे आजीच्या बाहुलीचा, आतला सांगाडा पण तुझ्यामुळेच जमला. तांब्याची तार वाकवून वाकवून कडक होते आणि तुटते, अ‍ॅल्युमिनियमची घे, दोन पदर ड्रिलमध्ये अडकवून पीळ दे, हे तू समोर बसून करून घेतलंस. पायात नट बसवायचा आणि सेटच्या प्लायवूडला भोक पाडून खालून स्क्रू आवळायचा, म्हणजे एक पाय उचलला तरी आजी पडत नाही. मी तर आधी डबल टेपच धरून बसलो होतो.

पण सगळ्यात मोठं थँक्यू त्या बादलीसाठी. आजी पाटी उचलतेय पण पाटी थर्माकोलची वाटतेय, वजनच दिसत नाहीये, हे तुला दाखवलं तेव्हा तू लॅपटॉपकडे बघितलं पण नाहीस. भरलेली बादली आणून माझ्यापुढे ठेवलीस, मोबाईलवर स्टॉपवॉच लावलंस आणि म्हणालीस, उचल. परत उचल. आता हळू. आणि मग दाखवलंस की वर जायच्या आधी अंग खाली जातं, गुडघे वाकतात, बोटं कडीवर घट्ट होतात, खांदा ताणला जातो आणि बादली अजून जमिनीवरच असते, म्हणजे माणूस जोर लावतोय पण वस्तू हलत नाहीये तो जो क्षण आहे ना, वजन तिथे दिसतं. त्या क्षणाला आपण अर्धा सेकंद दिला, सहा फोटो, पाटी जागची हलवायची नाही, फक्त आजीची कंबर आणि मान केसभर केसभर. मग पाटी सुटली की मोठ्या मूव्ह आणि वर पोचता पोचता परत बारीक. प्ले केलं आणि आजीने खरंच पाटी उचलली! मी दोनतीनदा नाही, जेवायला हाक येईपर्यंत तेच बघत बसलो.

आणि या सगळ्यात तू एकदाही माझ्या आजीला हात लावला नाहीस. तुझ्या हातात ते पटकन झालं असतं, डेडलाइन जवळ होती, तरी तू शेजारी खुर्ची टाकून बसायचीस आणि फक्त विचारायचीस, आता वजन कुठल्या पायावर आहे? यासाठी मी तुझा कायम ऋणी राहीन.

बाकी छोट्या छोट्या गोष्टी तर किती. एक्सपोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स सगळं लॉक कर, खिडकीला जाड चादर लाव, शटर १/५० किंवा त्याहून स्लो ठेव कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, नाहीतर लाइटच्या लुकलुकण्याने एक फोटो उजळ एक काळसर येतो, आणि काळा टीशर्ट घाल, नाहीतर तुझ्या कपड्यांवरचा उजेड सेटवर पडून फोटोगणिक बदलतो. टीशर्टचं तर मला कुणीच सांगितलं नसतं.

मी नाशिकचा, शाळेची सहल फाळके स्मारकात गेलेली, पण दादासाहेब फाळक्यांनी १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी वाटाण्याचं रोप वाढताना एकेक फ्रेमने टिपलं होतं आणि ते दाखवून पिक्चरसाठी पैसे उभे केले होते, हे मला तुझ्याकडून कळलं. त्या रात्री शूट संपायचं नाव घेत नव्हतं आणि तू बरोब्बर तेव्हाच ते सांगितलंस. मला खूप जोर आला गं त्याने.

आता तुझी फायनल इयरची फिल्म सुरू होतेय ना. पपेटचे हात वळायला, भिंती रंगवायला, रात्री लाइट सांभाळायला, जे असेल ते सांग, मी येतो. तार आणि ड्रिल माझ्याकडे आहे, तारीख फक्त आधी कळव.

तुझा,
ज्युनियर