चार आर्यसत्ये, चार कामे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बुद्धपौर्णिमा आली की वर्तमानपत्रांत बौद्ध धम्माची ओळख चार ओळींत छापून येते: जीवन दुःखमय आहे, दुःखाचे कारण इच्छा, इच्छा मारा, दुःख संपेल. 'बुद्ध निराशावादी' हा समज याच ओळींतून शाळकरी मुलांपर्यंत पोचतो, आणि तो पुसायला पुढे फार वेळ लागतो.

बुद्धांनी चार आर्यसत्ये (दुःख, दुःखाचे कारण, दुःखाचा निरोध म्हणजे शेवट, आणि तिकडे नेणारा मार्ग) सारनाथला, तेव्हाच्या इसिपतनातल्या मृगदायात (हरणांच्या वनात), कोंडञ्ञ, वप्प, भद्दिय, महानाम आणि अस्सजि या पाच जणांना सांगितली. परंपरेप्रमाणे तो दिवस आषाढ पौर्णिमेचा, वैशाखातला नव्हे. त्या पहिल्या प्रवचनात, म्हणजे धम्मचक्कप्पवत्तन सुत्तात, 'सारे जीवन दुःख' असे वाक्यच नाही. तिथे नेमकी यादी आहे: जन्म, म्हातारपण, आजारपण, मरण, नावडत्याशी गाठ, आवडत्याची ताटातूट, हवे ते न मिळणे आणि थोडक्यात, आपण घट्ट धरून ठेवलेले पाच स्कंध (शरीर आणि मनाचे घटक: रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान).

'इच्छा' हा शब्दही तिथे चालत नाही. मूळ शब्द तण्हा. आपली 'तहान' त्यातूनच आली. ती तीन प्रकारची: सुखाची (काम), अमुक होण्याची (भव) आणि नकोसे नाहीसे व्हावे अशी (विभव). चांगले करण्याच्या इच्छेला पालीत 'छंद' म्हणतात. तो मारायचा नसतो; सम्यक् व्यायामाची (अष्टांग मार्गातल्या योग्य प्रयत्नाची) व्याख्याच 'छंद उत्पन्न करतो' इथून सुरू होते.

सगळ्यात मोठी चूक पुढेच होते. त्याच सुत्तात प्रत्येक सत्याबरोबर एक काम सांगितले आहे: दुःख पूर्ण जाणायचे, तण्हा सोडायची, निरोध प्रत्यक्ष अनुभवायचा, मार्ग जोपासायचा. छापताना ही चार क्रियापदे गळतात आणि उरतो तो नुसता सिद्धान्त. ध्यानाला बसल्यावर गुडघ्यात कळ येते. ती कळ कुठे आहे, कशी वाढते, कशी ओसरते हे पाहणे हे पहिल्या सत्याचे काम. 'ही आत्ताच्या आत्ता जायला हवी' ही ओढ म्हणजे विभवतण्हा. सोडायची ती हीच. नवखा साधक कळच घालवू पाहतो, म्हणजे जे जाणायचे तेच सोडायला निघतो, आणि चिडचिड वाढते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1957 साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेत ही सत्ये मूळ शिकवणुकीतली की भिक्खूंनी मागाहून घातलेली, असा प्रश्न विचारला. कारण त्यांमुळे धम्म निराशावादी ठरतो. महाराष्ट्रातल्या वाचकाला हा प्रश्न सांगायलाच हवा. त्याच ग्रंथात त्यांनी दुःखाच्या अस्तित्वाइतकाच भर दुःखाच्या निवारणावर दिला आहे. चारही कामे डोळ्यांपुढे ठेवली तर आमच्या मते निराशेचा आरोप टिकत नाही.

चौथ्या सत्यातल्या मार्गाबद्दल, म्हणजे अष्टांग मार्गाबद्दल, एकच. ती अंगे आहेत, पायऱ्या नव्हेत. सम्यक् समाधी आठवी म्हणून ती शेवटी सुरू करायची असे नाही, आणि वाणी, कर्म, उपजीविका ही शीलाची तीन अंगे वगळून नुसते ध्यान धरले तर मन त्याच त्या पश्चात्तापापाशी घुटमळत राहते.

आषाढ पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी वर्षावास (भिक्खूंचा पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम) सुरू होतो आणि विहारांत ग्रंथवाचन चालते. त्या दिवसाच्या अंकात चौकट छापाल तेव्हा ही चार क्रियापदे कृपया गाळू नका.

आपले,
पाली भाषेचे काही अभ्यासक, नागपूर